कंपायलरच्या पोटात हवं ते करा, लायब्ररीतलं नाव मात्र सावकाश काढा

तुमचा प्रश्न नीट वाचला. कॉलेजात असताना तुम्ही तिघांनी जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइन लिहायला एक छोटी प्रोग्रामिंग भाषा केली, आता सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले पाच-सहा चादर-टॉवेलवाले ती रोज वापरतात, आणि आत बघावं तर कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या डिझाइनची मागासाठी फाइल करणारा प्रोग्राम, पायथन भाषेतली एकच लांबलचक फाइल, आणि लायब्ररीत, म्हणजे डिझाइनरला वापरायला दिलेल्या तयार फंक्शनांच्या (कमांडींच्या) संचात, एकाच कामाला तीन-तीन फंक्शनं. सगळं टाकून नव्यानं लिहू का, असं विचारताय. माझं स्पष्ट मत, नका लिहू. साफसफाई मात्र जरूर करा, ती करायलाच पाहिजे.

कारखान्यातल्या डिझाइनरला कंपायलरचं पोट दिसत नाही. त्याला फंक्शनचं नाव दिसतं आणि बाहेर पडणारी फाइल दिसते, बास. म्हणून आत कितीही मोडतोड करा. गो भाषेचा कंपायलर आधी सी मध्ये होता, २०१५ ला १.५ मध्ये तो गोमध्ये आणला, आणि हातानं नव्यानं लिहीत न बसता रूपांतर करणारा प्रोग्राम लिहून आणला, म्हणजे वागणूक आधी होती तशी राखायची आणि कोड देखणा नंतर करायचा. त्या रिलीजला बिल्डला दुप्पट वेळ लागायला लागला, तेही त्यांनी रिलीज नोट्समध्ये सरळ सांगितलं. पायथननं २०२० ला ३.९ मध्ये आख्खा पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) बदलला तरी जुना पार्सर एक ऑप्शन देऊन चालवता येत होता, तो ३.१० ला काढला. तुम्हीपण तसंच करा, एक रिलीज दोन्ही राहू द्या.

पण हे सगळं करायच्या आधी एक काम, आणि ह्यात टंगळमंगळ नको. सगळ्या कारखान्यांतून जुन्या डिझाइन फाइली गोळा करा, चालू असलेला डिझाइन पण आणि बंद पडलेला पण, आजच्या कंपायलरमधून काढा आणि आउटपुट जपून ठेवा. मग कोडमध्ये काहीही हलवलं की सगळ्या परत काढायच्या आणि बाइट टू बाइट ताडून बघायच्या. रस्ट भाषेवाले हेच क्रेटर नावाच्या टूलनं करतात, लोकांनी पब्लिश केलेल्या हजारो लायब्रऱ्या नव्या कंपायलरवर बिल्ड करून बघतात. तुमच्याकडं तर ह्याची गरज जास्तच आहे, एक हुक (जॅकार्डमध्ये उभे धागे उचलणारा आकडा) चुकला तर कापडभर उभी रेघ येते आणि तो माल दुय्यम दर्जाचा म्हणून स्वस्तात जातो.

आता लायब्ररी, खरी अडचण हितं आहे. तुम्ही लिहिलंय की ‘रिपीट’ ह्या फंक्शनला उणे आकडा दिला की नक्षी उलटी होते, तो बग आहे आणि ह्या रिलीजला काढायचाय. थांबा जरा. आधी गोळा केलेल्या फाइलींत शोधा, कुणीतरी बॉर्डरचा कोपरा वळवायला तेच वापरत असणार, त्याच्या लेखी तो बग नाहीच, सोय आहे. पायथनची तिसरी आवृत्ती, पायथन ३, डिसेंबर २००८ मध्ये आली आणि पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला, अकरा वर्षं लोक दोन्हीकडं अडकले होते, आणि मधे ३.३ ला जुन्या कोडमधली स्ट्रिंग (मजकूर) लिहायची एक पद्धत परत आणावी लागली, कारण एकच कोड दोन्हीवर चालवता येईना. नंतर मात्र तेच लोक शहाण्यासारखं वागले, सीजीआय, टेलनेटलिबसारखे जुने मॉड्यूल (भाषेसोबत येणारे तयार कोडचे भाग) काढायचे होते तर ३.११ ला वॉर्निंग सुरू केली आणि ३.१३ ला, म्हणजे २०२४ ला, काढले.

तर ‘रिपीट’चं असं करा. आधी ‘आरसा’ नावाचं नवं फंक्शन द्या. उणे आकडा चालू राहू दे, फक्त वॉर्निंग द्या, आणि वॉर्निंगमध्ये काय लिहिता ह्याला फार महत्त्व आहे. ‘हे फंक्शन जुने झाले आहे’ एवढंच वाचून डिझाइनर काय करणार? त्यापेक्षा: ‘बॉर्डर फाइल, ओळ १४: रिपीट(-२) च्या जागी आरसा(२) लिहा, किंवा दुरुस्त कमांड चालवा.’ ती दुरुस्त कमांड तुम्ही लिहायची, गोमध्ये फिक्स नावाची आहे तशी, आणि ती एवढी पक्की पाहिजे की आधीचं आणि नंतरचं आउटपुट सेम येईल.

आणि फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहायची सोय आत्ताच करून ठेवा, मला विचाराल तर ही सगळ्यात कामाची गोष्ट. रस्टमध्ये २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा एडिशन आहेत, कंपायलर एकच, प्रत्येक प्रोजेक्ट आपली एडिशन सांगतो आणि वेगवेगळ्या एडिशनचा कोड एकत्र चालतो. गोनं २०२४ ला १.२२ मध्ये लूपच्या (तेच काम परत परत करणाऱ्या कोडच्या) व्हेरिएबलचा अर्थच बदलला, तरी जुन्या प्रोजेक्टला धक्का नाही लागला, कारण प्रोजेक्टच्या फाइलीत कुठली आवृत्ती लिहिलीय ते बघूनच नवा नियम लागतो. तुमच्याकडं पहिल्या ओळीत काही नसेल तर जुनी भाषा समजायची, ‘आवृत्ती २’ असेल तर उणे आकडा थेट एरर. तीन फंक्शनांपैकी दोन पण तिथंच गायब करा, जुन्या फाइलींना ती दिसत राहतील.

रिलीज एकाच वेळी सगळ्यांना देऊ नका. ज्या मालकाशी तुमचं जास्त बोलणं होतं त्याच्याकडं आधी द्या, ऑर्डरींची घाई नसताना, सिद्धेश्वर यात्रेला त्याचा कारखाना बंद असेल तर तेव्हाच, आणि जुना कंपायलर त्याच कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या. पंधरा दिवस गेले की मग बाकीच्यांना.