रिपोर्टमधली मोडकी जोडाक्षरं आणि गायब झालेला ओहम

प्रश्न: इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट रिपोर्ट मराठीतून लिहितोय. झीलाटेक (कोड लिहून पीडीएफ बनवणाऱ्या लाटेकचा एक प्रकार) वापरतो. देवनागरी फॉन्ट लावला तरी 'शक्ती'मधला क पाय मोडून वेगळा उभा राहतो, 'स्थिती'ची वेलांटी भलतीकडेच जाते, आणि ओहमचं चिन्ह (Ω) पीडीएफमध्ये येतच नाही, एररसुद्धा नाही. फॉन्ट खराब आहे का? शिवाय एक चॅप्टर मित्राने श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलाय, त्याचं काय करू?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: फॉन्ट बदलत बसू नका, तो बहुतेक ठीकच आहे. यूनिकोडमध्ये फाइलीत साठवलेला क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे आधी थ मग वेलांटी, ती डावीकडे नेऊन बसवायचं आणि जोडाक्षर जुळवायचं काम शेपिंगचं (अक्षरांचे आकार जुळवण्याच्या टप्प्याचं), आणि ही देवनागरी आहे हे फॉन्टस्पेकला (फॉन्ट लावणाऱ्या पॅकेजला) तुम्ही सांगितलं नाही तर ते काम धड होत नाही. फॉन्ट जिथे लावलाय तिथेच स्क्रिप्ट देवनागरी असा ऑप्शन द्या (स्पेलिंग अर्थातच इंग्रजी), जोडीला लँग्वेज मराठी द्या, म्हणजे ज्या फॉन्टात ल आणि श ची दोन्ही रूपं आहेत तिथे आपली मराठी वळणाची येतील, हिंदी नाही. ल्युआलाटेकवर (लाटेकच्या दुसऱ्या प्रकारावर) गेलात तर रेंडरर म्हणून हार्फबझ हे शेपिंग करणारं इंजिन सांगायचं, टेक लाइव्ह (लाटेकचा इन्स्टॉल करायचा संच) 2020 पासून ते आतच आहे. आणि फॉन्टची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवून पाथ द्या, नाहीतर कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर तो फॉन्ट नसला की सबमिशनच्या दिवशीच बोंब.

ओहमची गंमत वेगळी आहे. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत ग्रीक अक्षरंच नसतात, मग टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) ते चिन्ह गुपचूप सोडून देतं आणि लॉगमध्ये (प्रत्येक वेळी बनणाऱ्या नोंदींच्या फाइलीत) इंग्रजीत 'मिसिंग कॅरेक्टर' एवढीच ओळ टाकतं, जी कोणी वाचत नाही (मला विचाराल तर हा एरर असायला हवा होता). लॉगमध्ये ते शब्द सर्च करा, किती चिन्हं गेलीत ते कळेल. त्यात डेटाशीटमधून कॉपी केलेला ओहम आणि ग्रीक ओमेगा हे यूनिकोडमध्ये दोन वेगळे कोड आहेत, दिसायला सारखेच, म्हणून एका ठिकाणी दिसतो आणि दुसरीकडे नाही असंही होतं. मायक्रोच्या चिन्हाचंही (µ) तसंच. एककं हाताने टाइप न करता एसआययुनिटएक्स पॅकेजमधून टाका, मूल्य आणि एकक दोन्ही त्यालाच द्या, ते चिन्ह बहुतेक वेळा गणिताच्या फॉन्टातून आणतं, तरी लॉग पुन्हा एकदा बघा.

रिपोर्टमध्ये छापायच्या प्रोग्रामच्या कोडमध्ये मराठी कॉमेंट्स असतील तर कोड छापणारं लिस्टिंग्ज पॅकेज यूनिकोडशी भांडतं, त्याऐवजी मिंटेड पॅकेज घ्या.

श्री-लिपीचा तो चॅप्टर जुन्या एन्कोडिंगमधला असेल तर तो मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी आकार बसवलेत, फॉन्ट काढला की कचरा दिसतो. यूनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, पण मग डोळ्यांनी वाचाच, विशेषतः 'दुसऱ्या', 'वाऱ्याचा' असे शब्द, कारण कन्व्हर्टर तिथे हमखास साधा रफार टाकून मोकळे होतात आणि 'दुसर्या' छापून येतं. आकडेही बघा, टेबलातला एखादा आकडा बदलला तर परीक्षक शुद्धलेखन नाही, रीडिंगच धरून बसतील.