मांजर आणि ख्रिसमस ट्री एकाच घरात: झाड पडण्याची काळजी सोडा, आधी चमकी काढा

तुम्ही विचारलंय की घरात दोन मांजरी आहेत, मुलांच्या हट्टापायी यंदा पहिल्यांदाच ख्रिसमस ट्री आणताय, झाड पाडतील, बॉल फोडतील, तर त्यांना लांब कसं ठेवायचं. आणि कुणीतरी डांबराच्या गोळ्या नाहीतर मिरचीपूड टाका म्हणून सांगितलंय.

डांबराच्या गोळ्या नको म्हणजे नकोच. त्या मांजरीला विष आहेत, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. गोळी खायलाच हवी असं पण नाही, पंजाला लागलेलं चाटून पण पोटात जातं. आपल्याकडे नाताळचं सामान वर्षभर माळ्यावर याच गोळ्या टाकून ठेवलेलं असतं, तेव्हा खोका उघडल्यावर सगळं आधी नीट पुसा, दोन दिवस गॅलरीत वाऱ्यावर ठेवा, मग झाडाला लावा. मिरचीपूड पण नको, पंजाला लागते आणि मांजर त्याच पंजाने तोंड पुसते, डोळ्यात जाते. असलं सुचवणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यात घालून बघावी.

आता लांब कसं ठेवायचं. खरं सांगू का, नाही ठेवता येत. आणि झाड पडणं हा मोठा धोका पण नाही. मोठा धोका झाडावर गुंडाळतात ती चमकी. आम्ही हे भोगलंय म्हणून लिहायला बसले.

आम्ही मूळचे गोराईचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. आता बोरिवलीला आयसी कॉलनीत राहतो. नाताळ आमच्याकडे मोठा सण, आणि झाड सजवायचा मान माझ्या मामाचा. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो क्रॉफर्ड मार्केटला जाणार, चमकीच्या माळा डझनावारी आणणार, चंदेरी, सोनेरी, आणि ते केसासारखे सुटे चंदेरी धागे असतात ना, पाकिटात मिळतात, ते तर मुठी मुठीने टाकणार. त्याच्यावर मग कापूस, बर्फ म्हणून. मामाला यातलं काही कमी केलेलं चालत नाही.

२०१९ ला आमच्या घरात पहिल्यांदा मांजर होती, भुरी, पावसाळ्यात पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेली, तेव्हा पाचेक महिन्यांची असेल. झाड लावल्या दिवसापासून ती खालच्या फांदीत शिरून बसायची, चमकी पंजाने हलवायची, आम्ही सगळे फोटो काढायचो. झाडाशी येशूजन्माचा छोटा गोठा मांडतो, त्यातल्या गवतावर झोपायची ती, बाळ येशूची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामीच असते आमच्याकडे, तिथे अंगाची गुंडाळी करून. आई म्हणायची असू दे, गोठ्यात जनावरं असतातच.

२४ ला आम्ही सगळे रात्रीच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला गेलो, घर तीन तास बंद. २५ ला सकाळी भुरीने दोनदा उलटी केली. सणाचा दिवस, घरात फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, इंदियाल म्हणजे मटणाचा तिखट-आंबट रस्सा, पाहुणे, वाटलं हिने कुणाच्या तरी ताटातलं तेलकट मटण खाल्लं असेल. दिवसभर जेवली नाही, पलंगाखाली जाऊन बसली. २६ ला जवळच्याच एका डॉक्टरकडे नेली, त्यांनी पोट वरवर दाबलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, सणाचं काहीतरी खाल्लं असेल म्हणाले आणि घरी पाठवलं. तोंड उघडून बघितलं नाही. ही गोष्ट मी आजपर्यंत विसरलेली नाही, कारण उत्तर तिथेच होतं.

२७ ला सकाळी तिच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं, आईने मोबाइलचा टॉर्च धरला, मी जबडा उघडला आणि अंगठ्याने खालून जीभ वर ढकलली. जिभेच्या मुळाशी एक बारीक चंदेरी रेघ, मागे गोल फिरून घशात गेलेली. जिभेचं मांस त्या रेघेवर लाल होऊन सुजलेलं, रेघ त्यात रुतलेली. मामा बाजूलाच उभा होता. म्हणाला अगं एवढंच ना, ओढून काढ, आणि त्याने बोटाने टोक धरलं पण. मी जोरात त्याचा हात मारला. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, फक्त ती ज्या आवाजात ओरडली त्यावरून कळलं की हे ओढायचं नाही.

तोच हात मारल्यामुळे ती वाचली, हे नंतर अंधेरीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी समजावलं ते मी तसंच सांगते, कारण हे प्रत्येक मांजरवाल्याला माहीत पाहिजे. मांजरीच्या जिभेवर काटे असतात, सगळे आतल्या बाजूला वळलेले. दोरा, चमकी असं काही जिभेवर आलं की थुंकता येत नाही, आतच जातं. एक टोक जिभेखाली नाहीतर जठरात अडकतं, बाकीचा दोरा आतड्यात पुढे पुढे जातो. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं पण टोक तर अडकलेलं, मग आतडंच त्या दोऱ्यावर गोळा होतं. लेंग्याची नाडी ओढली की कसा चुण्या पडून गोळा होतो, अगदी तसं. आणि त्या अवस्थेत कुणी बाहेरून ओढलं, तोंडातून किंवा मागून लोंबत असेल तर मागून, की तो दोरा करवतीसारखा आतडं कापतो. आतडं फाटलं की पोटात सगळी घाण पसरते, मग मांजर हातची जाते.

सोनोग्राफी झाली, संध्याकाळी ऑपरेशन. पोटात तीन ठिकाणी कापावं लागलं, कारण एकाच भोकातून ओढून काढता येत नाही तिथे पण. नंतर डॉक्टरीणबाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये ते दाखवलं. दीड वीत लांब. चंदेरी रंग पूर्ण उतरलेला, नुसती प्लॅस्टिकची पारदर्शक बारीक पट्टी, ओली, तिला कापसाचे पुंजके चिकटलेले. झाडावर किती सुंदर दिसत होतं तेच. सगळे मिळून २८ हजार गेले, पण भुरी आज माझ्या शेजारी बसलीये.

घरी आलो तर मामा म्हणतो काय, मांजराला तुम्ही डोक्यावर बसवलंय, वळण लावलं नाही, आमच्या गोराईच्या घरात चार चार मांजरी असायच्या, एकीने कधी झाडाला हात लावला नाही. तेव्हापासून दर नाताळाला हे वाक्य ऐकते मी.

तर गोराईच्या घरात झाड कसलं होतं? किनाऱ्यावरच्या सुरूची तोडून आणलेली फांदी, रॉकेलच्या डब्यात वाळू भरून रोवलेली, त्यावर कापूस आणि एक कागदी तारा. चमकी होतीच कुठे खायला? आणि मांजरींना अख्खी वाडी होती, कौलं होती, माडावर चढायच्या, मासळी सुकत घातलेली असायची तिथे दिवसभर राखण करत बसायच्या. इथे साडेतीनशे स्क्वेअर फुटात तिला चढायला एक पण उंच जागा नाही, त्यात तुम्ही पाच फुटी झाड आणून उभं करता, त्याच्यावर हलणाऱ्या, चमकणाऱ्या वस्तू टांगता, आणि मग म्हणता चढू नको. आणि त्या चार मांजरींतली एखादी दिसेनाशी झाली की घरात म्हणायचे, गेली कुठेतरी. कुठे गेली, का गेली, पोट उघडून कुणी बघितलं होतं का? वळणाचं काही सांगू नका मला. मांजर मांजरासारखीच वागणार, बदलायचं ते झाड.

आम्ही आता काय करतो ते सांगते. चमकी, सुटे धागे, कापूस, रिबिनीची लोंबती टोकं, काही नाही. कागदाचे तारे, लाकडाचे, कापडाचे तुकडे भरून शिवलेले छोटे प्राणी, हे सगळं फांदीला पिळवायच्या तारेने घट्ट, लोंबणार नाही असं. आणि शिवताना सुई-दोरा इकडेतिकडे टाकू नका, सुईसकट गिळतात. काचेचे बॉल फारच हवे असतील तर अगदी वर दोन-तीन. खालचं दीड-दोन फूट झाड मोकळंच ठेवायचं. बुंध्याशी जड वजन, आम्ही दोन पेव्हर ब्लॉक ठेवतो आणि वर गोणपाट, आणि झाडाचा वरचा भाग मागे खिडकीच्या ग्रिलला तंगूसने ताणून बांधतो, मासेमारीचा पारदर्शक नायलॉनचा दोरा, दिसत पण नाही. पण गाठीनंतरचं टोक अगदी जवळ कापा, नाहीतर तोच पोटात जायचा.

झाड आणल्यावर तीन-चार दिवस नुसतंच उभं ठेवा, काही न लावता. वास घेऊ दे, एकदा चढू दे, निम्मी हौस तिथेच फिटते. आणि झाडापासून लांब, खिडकीजवळ त्यांना त्याच्यापेक्षा उंच जागा करून द्या, कपाटावर जुनी चादर टाकली आणि चढायला मध्ये एक स्टूल ठेवलं तरी पुरे. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. संध्याकाळी लायटिंग लावायच्या आधी पंधरा मिनिटं दमेपर्यंत खेळवा आणि मग जेवण द्या.

लायटिंगची वायर चावतात, विशेषतः पिल्लं. शॉक लागला तर तोंड भाजतं आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी पण होऊ शकतं, वरून मांजर ठीक दिसली तरी डॉक्टरकडे न्या. वायर भिंतीला केसिंगमधून घ्या, झोपताना आणि बाहेर जाताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

संत्र्याच्या साली ठेवतात लोक, मांजरींना तो वास आवडत नाही हे खरं, पण साल दोन दिवसात सुकते. म्हणून कुणी संत्र्याचं नाहीतर निलगिरीचं तेल शिंपडायला सांगेल, ते करू नका, मांजरीचं लिव्हर असली तेलं पचवू शकत नाही. आणि पाहुण्यांनी फुलं आणली तर त्यात लिली आहे का बघा, असेल तर दाराबाहेरच. लिलीचा नुसता पराग अंगावर पडून चाटला तरी किडनी जाते. ते लाल पानांचं पॉइन्सेटिया मात्र लोक उगाच घाबरतात एवढं वाईट नाही, चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

मी डॉक्टर नाही हे पण सांगते, आणि तुमच्या मांजरी वयस्कर, शांत असतील तर झाडाकडे बघणार पण नाहीत कदाचित. पण उलटी, न जेवणं, लपून बसणं, लाळ, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी न्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की जीभ उचलून बघा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि जवळच्या एका दवाखान्याचा नंबर आत्ताच फ्रिजवर लावून ठेवा. आणि हे फक्त नाताळापुरतं नाही, गजऱ्याचा दोरा, राखी, कंदिलाच्या झिरमिळ्या, संक्रांतीचा मांजा, सगळं तेच करतं.

मामा, तू हे वाचशील, आई तुला पाठवणारच आहे. यंदा झाड तूच सजव, तुझ्याशिवाय कुणाला तारा वर सरळ बसवता येत नाही. पण माळ्यावरची चमकीची पिशवी मी काढून टाकलीये, क्रॉफर्ड मार्केटला गेलास तर नवीन आणू नकोस.