शांत बसलं की जास्तच धडधडतं

“सगळे म्हणतात शांत बसा. मी बसले की उलट छातीत धडधडायला लागतं. मला हे जमणारच नाही का?” समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो. विचारणाऱ्या बाई 34 वर्षांच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). 14 महिने प्रबंध अडकलेला. रोज अर्धा तास डोळे मिटून ध्यान, मग आरशासमोर “मी यशस्वी आहे” वीस वेळा. दोन्हींमुळे त्रास वाढलेला.

यात नवल नाही. दिवसभराच्या धावपळीखाली दबलेली काळजी हातातलं काम थांबताच वर येते, आणि डोळे मिटले की लक्ष थेट ठोक्यांवर जातं. आरशातल्या वाक्याचं म्हणाल तर, ज्यावर मनाचा काडीचा विश्वास नाही ते घोकलं की मन उलटतपासणी सुरू करतं. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या 2009च्या अभ्यासातही, आत्मसन्मान कमी असलेल्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर आणखी वाईट वाटल्याचं दिसलं.

म्हणून आरसा बंद केला आणि बसणं 5 मिनिटांवर आणलं. डोळे उघडे, नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे, तळवे टेकलेले. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास मोठा ओढायचा नाही. त्याने गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो. मन रिकामं करायचं नव्हतंच. आलेलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं, एवढंच काम.

पाचव्या दिवसापर्यंत एकच वाक्य तीनदा आलं होतं: “सरांना लिखाण दाखवलं की माझं पितळ उघडं पडेल.” हे किती खरं वाटतं? 85 टक्के.

याला उत्तर म्हणून “मी हुशार आहे” चाललं नसतं. निदान अर्धं तरी पटेल असं वाक्य हवं होतं. त्यांनीच शोधलं: “कच्चा मसुदा कच्चाच असतो.” मग परीक्षा. दोन पानं न सुधारता पाठवायची, पण आधी अंदाज लिहून ठेवायचा. अंदाज होता, “सर म्हणतील, हे काय लिहिलंय?” आल्या तीन सूचना: दोन संदर्भांबद्दल, एक परिच्छेदांच्या क्रमाबद्दल. आकडा 60वर आला.

लगेच पळवाटही निघाली: “दोनच पानं होती म्हणून.” कोणता निकाल आला तर मानायचं, हे आधी ठरवलं नव्हतं, ती चूक नियोजनातली. पुढच्या वेळी तेही लिहिलं आणि पाच पानं गेली.

तिसऱ्या आठवड्यात बसणंच सबब झालं. “मन शांत झालं की लिहीन.” हे फार जणांचं होतं. तेव्हापासून 5 मिनिटांचा गजर वाजला की मन कसंही असो, थेट टेबलापाशी, 10 मिनिटं लिखाण.

बसल्यावर जुन्या आघाताची दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकून झोप-भूक बिघडली असेल, तर हा प्रयोग एकट्याने करू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी.

आठव्या आठवड्यात बाईंचा आकडा 35 होता. ते वाक्य अजून येतं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण मात्र सरांकडे गेलंय.