नकाशा घेण्याआधी हे बघा

बोटीसाठी समुद्राचा डिजिटल नकाशा घेताय? आधी तुमच्या प्लॉटरला (नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र) कोणतं नकाशाचं मेमरी कार्ड चालतं ते तपासा. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात चालेलच असं नाही. मासेमारीसाठी खोलीच्या रेषा जवळजवळ असलेला नकाशा घ्या. खडकाची कड, बुडालेली घळ त्यातच दिसते, आणि मासा बहुधा तिथेच असतो. पण झूम केलं म्हणून माहिती वाढत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. मूळ सर्वेक्षण जुनं, विरळ असेल तर गुळगुळीत रेषा निव्वळ अंदाजाच्या असतात. सर्वेक्षणाचा दर्जा अधिकृत व्हेक्टर नकाशात (प्रत्येक खुणेला माहिती जोडलेला डिजिटल नकाशा) नोंदलेला असतो, तो उघडून वाचाच. इतर नावाड्यांच्या सोनारवरून (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) बनलेले नकाशाचे थर मासे शोधायला उत्तम. खडकाळ वाट काढताना मात्र अधिकृत नकाशाच बघा. अपडेट वेळेवर करा. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, समुद्रात आत गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही.