एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरची डेव्हलपर एडिशन क्लायंटच्या लाइव्ह सर्व्हरवर टाकली तर चालेल का? कोणाला कळतं का?

चालेल. उत्तम चालेल. सगळा घोळ तिथेच आहे.

तुम्ही लिहिलंय की क्लायंट छोटा आहे, तीस युजर, एक्सप्रेस (फुकट पण साइजची मर्यादा असलेली एडिशन) भरत आलंय आणि साहेब म्हणतायत डेव्हलपर फुकट आहे तर तीच टाक, कोण बघतंय. हे ‘कोण बघतंय’ मी स्वतः ऐकलंय, त्याच सुरात, म्हणून रात्री साडेअकराला हे टाइप करत बसलोय.

2022 पर्यंतची डेव्हलपर म्हणजे आतून पूर्ण एंटरप्राइजच, म्हणजे सगळ्यात वरची, सगळ्यात महाग एडिशन. साइजची मर्यादा नाही, युजरची नाही, चाचणीच्या इव्हॅल्युएशन एडिशनसारखी 180 दिवसांनी बंदही पडत नाही. 2016 पासून ती फुकट मिळते. आधी थोडे का होईना पैसे मोजावे लागायचे, तेवढ्यापुरता तरी माणूस विचार करायचा. आता अडवणारं काहीच नाही, फक्त परवान्यातलं एक वाक्य आहे: बनवायला आणि तपासायला वापरा, प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष रोजच्या कामाला, नाही.

आता माझं ऐका. 2017 चा ऑगस्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी होतो. नऊ माणसं, त्यात डेटाबेस बघणारा मी एकटा. सगळ्यात मोठा क्लायंट एक दूध संघ. 38 हजारांच्या आसपास उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, दर पाळीला माणशी एक नोंद: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर. गुणाकार केलात तर वर्षाला पावणेतीन कोटी ओळी होतात. आणि हा सगळा डोलारा एक्सप्रेस 2014 वर, जिथे एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा. (2025 च्या एक्सप्रेसला 50 जीबी दिलेत. आमची वरात गेल्यावर घोडं आलं.)

जानेवारीतच मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं की हे पावसाळ्यापर्यंत भरणार. उपायही सांगितला होता. मर्यादा एका डेटाबेसला आहे, सगळ्या सर्व्हरला मिळून नाही. तेव्हा मार्च संपला की जुनं वर्ष वेगळ्या डेटाबेसमध्ये काढू, रिपोर्टसाठी वरून एक व्ह्यू (दोन्ही एकत्र दाखवणारी क्वेरी) बांधू. आठ-दहा दिवसांचं काम. साहेब म्हणाले, “त्याचे पैसे संघ देणार आहे का?” विषय तिथेच मिटला.

मग श्रावणातली एक संध्याकाळ. संकलन चालू, आणि प्रायमरी फाइलग्रुप, म्हणजे डेटाची मुख्य जागा, भरला. नवीन नोंद जाईना. पहिला फोन एका केंद्रावरून, दहा मिनिटांत चाळीस. लोक कॅन घेऊन रांगेत उभे, पावती निघत नाही, केंद्रचालक वहीत लिहून घेतायत आणि मला ऐकवतायत. मी साहेबांना फोन लावला, ते कुणाच्या तरी बारशाला.

“डेव्हलपर एडिशन टाक.”

“सर, ती प्रॉडक्शनला चालत नाही.”

“अरे, डेव्हलपर म्हणजे कोण? आपणच की!”

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो, माझ्या. रात्री दहाच्या पुढे 2016 ची डेव्हलपर टाकली, अटी मान्य असल्याची खूण माझ्याच बोटाने केली, बॅकअप चढवला, आणि पहाटेची पाळी एकही फोन न येता पार पडली.

पुढची दोन वर्षं तर मजेत गेली. हातात एंटरप्राइज आल्यावर कोण सोडतं? रात्री तीनला इंडेक्सची (नोंदी पटकन शोधायच्या सूचीची) ऑनलाइन फेरबांधणी लावून दिली. टेबल उघडं राहतं, कामही होतं. दहा दिवसांचं बिल काढायला पाऊण तास लागायचा तो सात-आठ मिनिटांवर आला. चेअरमननी साहेबांची पाठ थोपटली.

2019 मध्ये संघाच्या नावाने परवाना तपासणीचं पत्र आलं. संघाने विंडोज आणि ऑफिसचे परवाने व्हॉल्यूम (घाऊक खरेदीच्या) करारात घेतले होते, त्या निमित्ताने. सोबत माहिती गोळा करणारी एक स्क्रिप्ट आणि भरायची एक एक्सेल. सर्व्हरला एडिशन विचारली की तो स्वतःच उत्तर देतो: डेव्हलपर एडिशन, 64 बिट. तिथे आपली हुशारी चालत नाही. तेव्हा तुमच्या ‘कोणाला कळतं का’ला माझं उत्तर: मायक्रोसॉफ्टला आपण होऊन कळेलच असं नाही. पण क्लायंटला कळलं, आणि पत्रावर नाव त्याचं होतं, आमचं नव्हतं.

संघाच्या मीटिंग हॉलमध्ये बैठक झाली. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी विचारलं, “हे इन्स्टॉल कोणी केलं?” साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “आमच्या मुलाकडून अनवधानाने चुकीची एडिशन टाकली गेली.” मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. मुलगा म्हटल्याचं जाऊ द्या, पण ‘अनवधानाने’ हा शब्द मला अजून पचलेला नाही.

आकड्यांचा अंदाज हवा तर 2022 च्या आवृत्तीच्या यादीभावाने सांगतो. परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात: एंटरप्राइजच्या खालच्या स्टँडर्ड एडिशनचे दोन कोअर 3,945 डॉलर, एंटरप्राइजचे 15,123. संघाच्या सर्व्हरला 16 कोअर. म्हणजे स्टँडर्ड 31,560 डॉलर, आणि एंटरप्राइज धरलं तर एक लाख वीस हजारांच्या वर. एक्सेल भरल्यावर पहिला हिशोब एंटरप्राइजचाच समोर आला. तो स्टँडर्डवर आणण्यात दोन महिने गेले. शिवाय त्या करारात लिहिलेलंच असतं की विनापरवाना वापर पाच टक्के किंवा त्याहून जास्त निघाला तर तपासणीचा खर्च ग्राहकाचा आणि कमी पडलेले परवाने 125 टक्के भावाने. शेवटी अर्धे पैसे आमच्या कंपनीने सोसले, आणि त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बदल तसा सोपा होता. सेटअपमध्ये मेंटेनन्सखाली एडिशन अपग्रेड, नवी की, सर्व्हिस एकदा बंद-चालू. पण त्याच रात्री तीनचं काम 1712 ची एरर देऊन पडलं: ऑनलाइन इंडेक्स फक्त एंटरप्राइजमध्ये. मी घाईत ‘ऑनलाइन’ तेवढं काढलं. दुसऱ्या पहाटे बांधणी संपेपर्यंत टेबल लॉक, आणि साडेपाचला पुन्हा तेच फोन. एवढे पैसे भरून सर्व्हर आधीपेक्षा हळू झाला, हे चेअरमनना समजावून सांगायचं काम कोणाकडे आलं असेल? मुलाकडेच.

तुमच्याकडे तीस युजर आहेत ना? गंमत बघा. त्याच यादीभावाने, स्टँडर्डच्या सर्व्हर आणि कॅलच्या (दर माणसाला किंवा मशीनला एक परवाना) वाटेने गेलात तर 989 अधिक तीस गुणिले 230, म्हणजे 7,889 डॉलर. कोअरच्या वाटेने कमीत कमी चार कोअर घ्यावेच लागतात, त्याचे 7,890. एका डॉलरचा फरक. एकतिसावा माणूस आला की चार कोअरच्या मशीनवर कोअरच स्वस्त. आणि मध्ये वेब सर्व्हर घातला की कॅल एकच लागतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पलीकडची माणसं किंवा मशीनं मोजली जातात. आमची शेकडो संकलन केंद्रं होती, म्हणून आम्हाला कॅलचा विचारच करता आला नाही.

‘टेस्ट सर्व्हर आहे’ म्हणून सुटायचा विचार असेल तर तेही बघा. क्लायंटची माणसं चाचणीसाठी, मत द्यायला येऊन बघत असतील तर डेव्हलपर चालते. पण लाइव्हचा बॅकअप म्हणून किंवा मुख्य सर्व्हर पडला तर उभा करायचा म्हणून ठेवलेला सर्व्हर प्रॉडक्शनमध्येच धरतात.

तुमच्या साहेबांना काय सांगायचं? तोंडी काही सांगू नका. मेल करा: अमुक एडिशन टाकायला आपण सांगितलंत, तिचा परवाना प्रॉडक्शनला नाही, तरी टाकू का? दोन ओळी पुरतात. उत्तर ‘हो’ आलं तर ते जपून ठेवा, आणि अटींवर खूण करायला त्यांनाच खुर्चीत बसवा. माझ्याकडे फोनवरचं बोलणं होतं आणि बारशातला गलका होता, पुरावा एकही नव्हता. परवा एका लग्नात आमचे ते साहेब भेटले. म्हणाले, “तू त्या प्रकरणात उगाच फार मनाला लावून घेतलंस.” पंगतीत उभं राहून काय बोलणार.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगून टाकतो. नोव्हेंबर 2016 मध्ये 2016 च्या सर्व्हिस पॅक 1 ने डेटा कॉम्प्रेशन (डेटा दाबून कमी जागेत बसवणं) एक्सप्रेसमध्येही दिलं होतं. त्या रात्री डेव्हलपरऐवजी 2016 चं एक्सप्रेस टाकलं असतं आणि नोंदींच्या टेबलाला पेज कॉम्प्रेशन लावलं असतं तर बहुधा वर्षभर तरी निभावलं असतं. मला ते माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

कायद्याचं म्हणाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 63ब कलम आहे, जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरण्याबद्दल. सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. तुमचं प्रकरण त्यात बसतं की नुसता करारभंग ठरतो, ते वकिलाला विचारा, मला नको.

तुमचं एक्सप्रेस किती भरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोजताना फक्त डेटा फाइल धरा, लॉग (बदलांची नोंद ठेवणारी फाइल) मर्यादेत येत नाही. जुनी वर्षं वेगळी काढता येतात का ते बघा, आवृत्ती 2016 सर्व्हिस पॅक 1 किंवा पुढची असेल तर कॉम्प्रेशन लावा. आणि डेव्हलपर आधीच टाकून मग विचारत असाल (माझा संशय तोच आहे), तर तिथून एक्सप्रेसवर थेट उतरता येत नाही. वेगळं इन्स्टॉल करून त्याच किंवा वरच्या आवृत्तीवर बॅकअप चढवावा लागतो, आणि एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग) नाही, त्यामुळे रात्रीची कामं विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावून ठेवा. नाहीतर बॅकअप बंद पडलाय हे महिन्याने कळेल.