निकाल झाकून वाचलेली वही

“मॅडम, मी चुकलोच नव्हतो. तरी हरलो. मग नीट विचार करून उपयोग काय?”

परीक्षेत मागे पडलेली मुलं मला हे विचारतात, शेअर बाजारात हात पोळलेले काकाही विचारतात. 2024च्या पावसाळ्यात ठाण्यातल्या नौपाड्यात, माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हाच प्रश्न ऑनलाइन पोकर खेळणाऱ्या एका तरुणाने विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 29, घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये. बायकोच त्याला घेऊन आली होती. रात्री सगळे झोपले की हा हॉलमध्ये मोबाइल घेऊन बसायचा. 11 महिन्यांत 1,80,000 रुपये गेले होते, त्यात घराचे दोन हप्ते. बायको बाहेर जाऊन बसली तसा त्याने मला एक स्क्रीनशॉट दाखवला. पोकरमध्ये हातातली दोन आणि दोघांसाठी मध्ये उघडलेली पाच पानं धरून ज्याची जुळणी भारी, तो जिंकतो. याच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, सगळे पैसे लावलेले, आणि मध्ये उघडलेलं शेवटचं पान राजा, म्हणजे समोरच्याचे तीन राजे. चार महिने त्याने तो जपून ठेवला होता.

एक्के विरुद्ध राजे अशी गाठ पडली की 100 पैकी साधारण 82 वेळा एक्के जिंकतात. हे त्याला तोंडपाठ होतं. मी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला. दोन एक्के आणि दोन राजे बाजूला ठेवायचे, उरलेली पानं पिसून पाच उघडायची, कोण जिंकलं ते लिहायचं. असं 30 वेळा. सातव्या आणि आठव्या डावाला लागोपाठ राजे जिंकले. रुपयाही लावलेला नव्हता, तरी त्याचा जबडा आवळला आणि हातातली पानं टेबलावर आपटली. “बघा! माझ्याच बाबतीत होतं हे.” शेवटी मोजलं तर राजे 6 वेळा जिंकले होते. हिशेबाप्रमाणे पाच-सहा वेळा जिंकायलाच हवे होते. तो बराच वेळ त्या खुणांकडे बघत राहिला. 18 टक्के म्हणजे ‘होणारच नाही’, असं त्याच्या मनाने धरून ठेवलं होतं.

एक्क्यांवर पैसे लावणं बरोबरच होतं, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण ‘निर्णय बरोबर, नशीब वाईट’ हे वाक्य फार सोयीचं असतं. तपासून घेतल्याशिवाय मी ते कुणाला वापरू देत नाही. म्हणून वही घातली. डाव्या पानावर तेव्हा काय माहीत होतं, काय केलं आणि का केलं, उजव्या पानावर निकाल. जुने डाव अ‍ॅपमधून उतरवून आणायचे आणि माझ्यासमोर उजवं पान झाकून वाचायचे.

तिसऱ्या भेटीत एका डावापाशी तो अडला. बदामची चार पानं जमली होती, जिंकायला पाचवं हवं होतं आणि एकच पान उघडायचं बाकी होतं. समोरच्याने होते नव्हते ते सगळे लावल्यावर पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या पैशांत, 9,000 झाले होते. डावात राहून ते पान बघायला याला 4,500 घालावे लागणार होते. न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे फार तर पाचात एकदा लागणार. 4,500 घालून वर 9,000 मिळणार, हा पैशांचा हिशेब मात्र तीनात एकदा लागलं तरच परवडणारा. “हे सोडायला हवं होतं,” तो स्वतःच म्हणाला. कागद सरकवला. बदाम आला होता, 9,000 मिळाले होते. ‘माझा सगळ्यात भारी डाव’ म्हणून तो भावाला हाच सांगत आला होता.

त्यानंतर वही पटापट भरत गेली. पहिल्या तासातले निर्णय बहुतेक चांगले. मोठा डाव हरला की जास्त पैसे लावाव्या लागणाऱ्या टेबलावर उडी, आणि तिथून पुढे ‘का केलं’ या रकान्यात नुसतं ‘वाटलं’. मग मी त्याला आणखी एक ओळ भरायला सांगितली: रात्री एक वाजता खेळायला बसण्याचा निर्णय. तेव्हा काय माहीत होतं? सकाळी सहाला उठायचंय. आधीच हरलोय. पैसे हप्त्याचे आहेत. प्रत्येक पॉटमधून अ‍ॅप आपला वाटा कापतं, भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी आहे, निव्वळ जिंकलं तर त्यावर 30 टक्के टीडीएस. त्याने लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “याला निकाल झाकायची पण गरज नाही.”

लगेच सुटलं नाही. दोनदा घसरला. पगाराचं खातं बायकोसोबत जोडून घेतलं, अ‍ॅप काढून टाकली, तेव्हा कुठे रात्री शांत झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला, तोवर तो बाहेर पडलेला होता. ज्यांना अजून ओढ आवरत नाही, त्यांनी 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर बोलावं, अगदी रात्री एक वाजतासुद्धा.

डिसेंबरात तो पुन्हा आला, वही घेऊन. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, जखमेत संसर्ग झाला होता आणि ‘मीच घाई केली’ हे त्याला झोपू देत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्याने उजव्या पानावर हात ठेवला आणि डावं पान वाचायला लागला. दोन डॉक्टरांचं मत एकच. शुगर आटोक्यात. बाबांना जिना उतरता येत नव्हता, ऑपरेशन त्यांनाच हवं होतं. इथे त्याचा आवाज अडकला. मी पाणी दिलं. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग वही मिटून पिशवीत ठेवली आणि बाबांच्या ड्रेसिंगची वेळ झाली म्हणून उठला.