वाचकांचे प्रश्न : तुषार सिंचनाचे नोझल आणि पाण्याचा कोटा

प्रश्न : माझ्या एक हेक्टर क्षेत्राला महिन्याला 1,500 घनमीटर पाणी मंजूर आहे. तुषार संचाला 5 मिलिमीटरचे नोझल असून पाणी महिनाअखेरीपर्यंत पुरत नाही. 4 मिलिमीटरचे बसवल्यास पुरेल का?

उत्तर : केवळ नोझल बदलून पुरेल असे नाही. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी देण्यासाठी 10 घनमीटर लागते. म्हणजे आपला कोटा महिन्याला 150 मिलिमीटरचा झाला. स्प्रिंकलर 12 बाय 12 मीटरवर आहेत आणि दाब चौरस सेंटिमीटरला अडीच किलो आहे असे धरले, तर 4 मिलिमीटरचे नोझल तासाला साधारण 950 लिटर सोडते. त्याला 144 चौरस मीटरने भागले की ताशी 6.6 मिलिमीटर येतात आणि कोटा पावणेतेवीस तासांत संपतो. 5 मिलिमीटरच्या नोझलने तोच कोटा साडेचौदा तासांत संपेल. संच चालवण्याचे तास तेच ठेवून लहान नोझल बसवले, तर पाणी वाचेल खरे, पण ते पिकाच्या वाट्याचे असेल.

तरीही भारी जमिनीत लहान नोझलच बसवावे, असे आमचे मत आहे, कारण पाणी मुरण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पडले की ते उताराने वाहून जाते आणि मीटरवर मात्र त्याची नोंद होते. संच सुरू असताना सऱ्यांत पाणी साचू लागले, तर नोझल मोठे आहे असे समजावे, किंवा पाळी दोन टप्प्यांत विभागून द्यावी.

नोझलच्या आकाराइतकेच दाबाकडेही लक्ष द्यावे. दाब 2 वरून 3 किलोवर गेला, तर त्याच नोझलमधून सुमारे 22 टक्के पाणी जास्त जाते, शिवाय थेंब बारीक होऊन वाऱ्याबरोबर उडतात. उलट दाब फार कमी असेल, तर थेंब जाड पडतात आणि स्प्रिंकलरभोवती ओल्या मातीचे कडे तयार होऊन मधली जागा कोरडी राहते. लहान नोझल बसवल्यावर पंप तोच असेल, तर दाब वाढतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही; म्हणून दाबमापक लेटरलच्या (स्प्रिंकलर ज्यावर बसवतात त्या उपनळीच्या) शेवटच्या स्प्रिंकलरपाशीही लावून पाहावा.

बांधालगत अर्धवर्तुळात फिरणाऱ्या स्प्रिंकलरला इतरांचेच नोझल असेल, तर तेवढ्याच वेळात तिथे दुप्पट पाणी पडते. तिथे निम्म्या प्रवाहाचे नोझल हवे.

नवे नोझल घेण्यापूर्वी जुने तपासावे. वाळूमिश्रित पाण्याने भोक झिजते आणि 4 चे 4.2 मिलिमीटर झाले, तरी प्रवाह 10 टक्क्यांनी वाढतो. नोझलवर रबरी नळी सैलसर धरून पाणी 20 लिटरच्या बादलीत घ्यावे. अडीच किलो दाबाला 4 मिलिमीटरच्या नोझलने बादली साधारण 76 सेकंदांत भरली पाहिजे. ती 70 सेकंदांच्या आत भरली, तर नोझल बदलण्याची वेळ झाली आहे.